मेलेली विनंती साक्ष देत नाही

गेल्या रविवारी माळा आवरायला काढला होता. (काढायला लावला होता, हे जास्त खरं!) जुन्या सीडींचे डबे, एक मेलेला मॉडेम, आणि त्याखाली २००६ सालची एक स्पायरल वही. तिच्यात एका पानावर मी एकच ओळ दहा-बारा वेळा लिहिली होती. शाळेत शिक्षा म्हणून लिहायला लावतात ना, तशी. फक्त प्रत्येक ओळीत आकडा वेगळा आणि शेजारी वेळ:

चाइल्ड पीआयडी ४१२७, एक्झिट सिग्नल, सेगमेंटेशन फॉल्ट, ११.

ज्यांनी त्या काळात अपाची सर्व्हर सांभाळलाय त्यांच्या पोटात हे वाचून नक्की गोळा आला असेल. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. एखादा प्रोग्राम स्वतःच्या नसलेल्या मेमरीला हात लावायला गेला की ऑपरेटिंग सिस्टिम त्याला जागच्या जागी ठार करते. त्या मृत्यूच्या दाखल्यावरचा क्रमांक म्हणजे ११. दाखल्यावर 'मेला' एवढंच असतं. कोणी मारलं ते नसतं.

वही वाचता वाचता आवराआवर राहिली बाजूला आणि मी दोन तास तिथेच बसलो. म्हणून आजचा हा लेख. विषय आहे वेब सर्व्हरला बाहेरून जोडलेले तुकडे, म्हणजे मॉड्यूल्स, आणि त्यांच्यामुळे सर्व्हर पडण्याचा इतिहास. त्यात माझी एक चूकही आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

तर, आधी थोडं मागे जाऊ.

भिंत होती तेव्हा

१९९३ साल. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या संस्थेत रॉब मॅककूल नावाच्या तरुणाने एक वेब सर्व्हर लिहिला. त्याचं नाव एनसीएसए एचटीटीपीडी. सुरुवातीला वेब सर्व्हरचं काम पोस्टमनपेक्षा वेगळं नव्हतं: कोणी फाइल मागितली की ती डिस्कवरून उचलायची आणि पाठवून द्यायची. पण लोकांना लगेच पुढचं हवं झालं. फॉर्म भरायचे होते, डेटाबेसमध्ये शोधायचं होतं. त्यासाठी त्याच वर्षी सीजीआय नावाची पद्धत आली.

सीजीआय अगदी साधं. विनंती आली की सर्व्हर एक वेगळा प्रोग्राम सुरू करणार, त्याला माहिती देणार, त्याने जे छापलं ते ब्राउझरला पाठवणार. काम संपलं की तो प्रोग्राम संपला. गंमत अशी, की हा प्रोग्राम कितीही भिकार लिहिलेला असला तरी सर्व्हरला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तो मेला तर फार तर त्या एका माणसाला 'इंटर्नल सर्व्हर एरर' दिसायची. दोघांच्या मध्ये ऑपरेटिंग सिस्टिमने बांधलेली पक्की भिंत होती.

फक्त एक अडचण होती. प्रत्येक विनंतीला नवी प्रोसेस! म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवं दुकान उघडायचं, एक वडापाव विकायचा आणि शटर ओढायचं. शंभर लोक असेपर्यंत चालतं. हजारो लोक यायला लागले की मशीनचा सगळा जीव शटर वर-खाली करण्यातच जातो.

मग साहजिकच कोणीतरी म्हणालं, भिंतच पाडू या.

भिंत पडली

मॅककूल १९९४ च्या मध्याला एनसीएसएमधून बाहेर पडला आणि त्याच्या सर्व्हरचा विकास थंडावला. पण तो वापरणारे बरेच होते आणि ज्याने त्याने आपापल्या दुरुस्त्या करून ठेवल्या होत्या. ब्रायन बेलेनडॉर्फ आणि क्लिफ स्कोल्निक यांनी पुढाकार घेतला आणि फेब्रुवारी १९९५ च्या अखेरीस आठ जणांचा अपाची ग्रुप तयार झाला. एप्रिल १९९५ मध्ये त्यांची पहिली सार्वजनिक आवृत्ती ०.६.२ आली. ती अजून जुन्याच घरावर ठिगळं लावलेली होती.

याच आठांपैकी एक रॉबर्ट थाऊ. त्याने सर्व्हरची रचनाच नव्याने मांडली आणि तिला टोपणनाव दिलं 'शंभाला'. त्या रचनेत तीन गोष्टी होत्या, आणि आजच्या गोष्टीत या तिघी परत परत येणार आहेत, म्हणून जरा नीट सांगतो.

पहिली म्हणजे मॉड्यूल. सर्व्हरचं काम टप्प्यांमध्ये तोडलं: पत्ता समजून घे, परवानगी तपास, उत्तर तयार कर, लॉग लिही. कोणत्याही टप्प्यावर बाहेरचा कोड येऊन म्हणू शकतो, "थांबा, हे मी करतो." हा कोड सर्व्हरच्या पोटात चालतो. नवी प्रोसेस नाही, शटर नाही.

दुसरी म्हणजे मेमरीचे पूल. सी भाषेत मेमरी घेतली की आठवणीने परत करावी लागते, आणि माणसं विसरतात. थाऊच्या पद्धतीत प्रत्येक विनंतीला मेमरीचा एक पूल मिळतो. त्यातून हवी तेवढी जागा घ्या. विनंती संपली की पूर्ण पूल एका झटक्यात रिकामा. मंगल कार्यालयातल्या खोलीसारखं. कार्य आहे तोवर खोली तुमची, कार्य संपलं की झाडलोट करून पुढच्या पार्टीला.

तिसरी म्हणजे आधीच तयार ठेवलेल्या प्रोसेस. एक पालक प्रोसेस आणि तिची काही मुलं. विनंत्या मुलं हाताळतात. एखादं मूल मेलं तर पालक लॉगमध्ये ती मघाची ओळ लिहितो आणि नवं मूल जन्माला घालतो. बँकेत आठ खिडक्या आहेत आणि एका खिडकीवरच्या कारकुनाला चक्कर आली, तर त्याच्यासमोरच्या माणसाचं काम अडेल, बँक बंद पडणार नाही.

जुलै १९९५ मध्ये ग्रुपने ही रचना स्वीकारली, १ डिसेंबर १९९५ ला अपाची १.० आला आणि वर्षभराच्या आत तो जगातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा वेब सर्व्हर झाला. मला नेहमी वाटतं, याच्या मुळाशी मॉड्यूलच होती. अपाचीच्या लोकांनी सगळं स्वतः लिहिलं नाही. दुसऱ्यांना लिहायला जागा करून दिली. पर्ल पोटात घेणारं मॉड-पर्ल आलं, पीएचपी आलं, एसएसएल आलं. १९९८ च्या अपाची १.३ पासून तर मॉड्यूल जोडण्यासाठी सर्व्हर पुन्हा कंपाइल करायचीही गरज उरली नाही. फाइल आणून ठेवा, कॉन्फिगरेशनमध्ये 'लोडमॉड्यूल'ची एक ओळ लिहा, सर्व्हर पुन्हा सुरू करा. झालं!

किती सोपं. आणि म्हणूनच किती धोक्याचं. ती एक ओळ लिहिताना आपण अनोळखी माणसाला घराची किल्ली देत असतो. मॉड्यूल एकदा आत आलं की ते आणि सर्व्हर यांच्यात भिंत नाही. एकाच मेमरीत दोघं. त्याने चूक केली तर मरतो सर्व्हर, आणि दाखल्यावर नावही सर्व्हरचंच.

दोन सज्जन, एक भांडण

कधी कधी तर चूक कोणाचीच नसते. मॉड-पर्ल वापरणाऱ्यांना आठवत असेल, एक्स्पॅटचं प्रकरण. एक्स्पॅट ही एक्सएमएल वाचायची लायब्ररी. अपाची १.३ च्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये ती आतच बांधलेली असायची. पर्लच्या एक्सएमएल पार्सरमध्येही तीच लायब्ररी असायची, पण वेगळी आवृत्ती. दोन्ही एकाच प्रोसेसमध्ये आल्या की फंक्शनची नावं सारखी, आतली मांडणी वेगळी. पर्लचा पार्सर आपलं समजून भलत्याच आवृत्तीचं फंक्शन हाक मारायचा आणि धाडकन सेगफॉल्ट. पर्ल एकटं चालवा, ठणठणीत. अपाची एकटा चालवा, ठणठणीत. एकत्र आले की मृत्यू. एकाच चाळीत दोन 'जोशी काका' असले आणि पोस्टमनने एकाचं इंजेक्शन दुसऱ्याकडे दिलं, तसलाच प्रकार. उपाय काय? अपाची बांधतानाच आतला एक्स्पॅट वगळून बांधायचा. उपाय एका ओळीचा, पण तो सापडेपर्यंत लोकांच्या कित्येक रात्री गेल्या.

२००२ साली अपाची २.० आला आणि नवा पेच घेऊन आला. आता एका प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड चालवता येऊ लागले. मेमरी वाचली, वेग वाढला. पण खिडक्यांचं गणित बदललं. एक थ्रेड सेगफॉल्टने मेला की त्या प्रोसेसमधले सगळेच थ्रेड मरतात. वर्कर पद्धतीत डीफॉल्ट २५ थ्रेड असायचे, म्हणजे एकाला चक्कर आली की पंचवीस खिडक्या बंद. त्यात पीएचपीची एक्स्टेन्शन ज्या बाहेरच्या लायब्ररींवर उभी होती, त्यातल्या सगळ्याच थ्रेडमध्ये सुरक्षित होत्या असं नाही. म्हणून खुद्द पीएचपीवाले सांगायचे, थ्रेडवाला अपाची खऱ्या साइटवर वापरू नका. नवी गाडी दारात उभी आणि वर्षानुवर्षं आपण सगळे जुनीच चालवत होतो!

तिकडे विंडोजमध्ये

मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस सर्व्हरनेही भिंत पाडली होती. तिकडे मॉड्यूलच्या जागी होती आयसॅपी डीएलएल. आणि मॉड्यूलमधली चूक सर्व्हर पाडण्यापलीकडे किती दूर जाऊ शकते, याचा धडा जगाला तिथूनच मिळाला.

आयआयएससोबत एक जोडतुकडा यायचा, आयडीक्यू डीएलएल. साइटवर शोध घेण्याची सोय देणारा. बहुतेकांना तो आपल्या मशीनवर आहे हेच माहीत नव्हतं, कारण त्यांनी तो मागितलाच नव्हता. त्यात एक बफर तपासायचा राहून गेला होता. म्हणजे ठराविक लांबीच्या डब्यात कितीही लांब मजकूर ओतता येत होता. आणि हा तुकडा चालायचा सिस्टिमच्या, म्हणजे मशीनच्या मालकाच्याच अधिकाराने. ईआय नावाच्या कंपनीच्या लोकांना ही चूक सापडली. १८ जून २००१ ला मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती काढली. शोधाची सेवा बंद असली तरी धोका टळत नव्हता. त्या प्रकारच्या फाइलची विनंती त्या डीएलएलकडे पोहोचत असली की पुरे.

दुरुस्ती होती, पण लावली किती जणांनी?

१३ जुलैच्या सुमारास 'कोड रेड' नावाचा वर्म दिसला. नाव कुठून आलं? त्याची चिरफाड करणारे लोक त्या रात्री त्याच नावाचं माउंटन ड्यू पीत होते! पहिल्या आवृत्तीत यदृच्छेने पत्ते निवडण्याचा कोड चुकला होता. प्रत्येक मशीन तीच ती यादी काढायचं, म्हणून तो फारसा पसरला नाही. १९ जुलैला सुधारलेली आवृत्ती आली. (हो, वर्म लिहिणाराही बग फिक्स करतो!) चौदा तासांच्या आत ३,५९,००० मशीन्स बाधित. हा आकडा केडा या संशोधन संस्थेने मोजलेला आहे.

आम्हा अपाचीवाल्यांना त्याचं काही झालं नाही, पण आमचेही लॉग भरून गेले. 'डीफॉल्ट डॉट आयडीए' आणि त्यापुढे एन, एन, एन, एन... अशी लांबच लांब विनंती. शेजारच्या घरात शिरलेला चोर येता-जाता आपलंही दार वाजवून जावा तसं.

यातलं मुख्य हे, की ज्या सर्व्हरवर शोध कोणी वापरतही नव्हतं, तोही त्या तुकड्यामुळे गेला. बसवलेलं पण न वापरलेलं मॉड्यूल हे उघड्या राहिलेल्या मागच्या दारासारखं असतं.

आता माझी गोष्ट

२००६, पुणे. परदेशातल्या एका क्लायंटची तिकीट बुकिंगची साइट आम्ही सांभाळायचो. अपाची २.०, एका प्रोसेसमध्ये एक विनंती या जुन्या पद्धतीचा, वर पीएचपी. तिकडचा दिवस म्हणजे आपली रात्र, त्यामुळे रात्रपाळी ठरलेली. मार्च महिन्यात मुलं मरायला लागली. आधी तासाला एक-दोन, मग गर्दीच्या वेळी मिनिटाला. लोकांची पैसे भरता भरता तिकिटं अडकायची. क्लायंटचे मेल दिवसेंदिवस कमी शब्दांचे होत चालले होते, आणि कमी शब्दांचा मेल किती वाईट असतो हे तुम्हाला माहीतच आहे.

त्याच आठवड्यात दोन बदल झाले होते. आमच्या टीममधल्या सोलापूरच्या एका ज्युनियर मुलाने लिहिलेलं शोधाचं नवं पान लाइव्ह गेलं होतं. आणि क्लायंटने एका कंपनीकडून विकत घेतलेलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांची मोजदाद ठेवणारं मॉड्यूल बसवलं होतं. ते नुसतं कंपाइल केलेलं मिळालं होतं, सोर्स नाही. आणि लायसन्स एकाच सर्व्हरचं, म्हणून आमच्या टेस्ट मशीनवर ते नव्हतंच.

मी काय केलं? लॉग उघडले. एरर लॉगमध्ये मृत्यूची वेळ बघितली, ॲक्सेस लॉगमध्ये त्या वेळची शेवटची विनंती बघितली. दहातल्या सात वेळा तिथे त्या मुलाचं शोधाचं पान! त्याचा कोड उघडला तर त्यात विभाग-उपविभाग काढणारं एक रिकर्सिव्ह फंक्शन. त्या काळच्या पीएचपीत रिकर्शन थांबलं नाही तर स्टॅक संपून सरळ सेगफॉल्ट व्हायचा, हे मला माहीत होतं. दोन अधिक दोन चार. मी आकडेवारीसह मेल लिहिला. टीम, मॅनेजर, क्लायंट, सगळे सीसीमध्ये. विषयाच्या ओळीत 'मूळ कारण सापडले'.

तो मुलगा माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "सर, माझ्या मशीनवर एकदाही पडत नाही. टेस्टवरही नाही." मी म्हणालो, "तुझ्या मशीनवर गर्दी कुठे आहे?" तेवढ्यावर विषय संपला. पान मागे घेतलं. त्याचं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं.

आणि मुलं मरतच राहिली.

तेव्हा कुठे माझी झोप उडाली. आठवडा घालवून मग जे सापडलं ते असं. अपाची ॲक्सेस लॉगची ओळ कधी लिहितो? विनंती पूर्ण झाल्यावर. लॉग लिहिणं हा शेवटचा टप्पा. जी विनंती हाताळताना मूल मेलं, ती त्या टप्प्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे मी जिला खुनी ठरवत होतो ती शेवटची ओळ अशा विनंतीची होती, जी सुखरूप पार पडली होती! खरी विनंती लॉगमध्ये नव्हतीच. मेलेली विनंती साक्ष देत नाही. आणि दहातल्या सात वेळा शोधाचंच पान का? कारण साइटवर सगळ्यात जास्त उघडलं जाणारं पान तेच होतं. स्टेशनवर पाकीट मारलं गेलं तर जवळपास लोकल पकडणाराच माणूस सापडणार ना!

(याच दुखण्यासाठी अपाचीमध्ये फोरेन्सिक लॉगचं मॉड्यूल आहे. विनंती आल्याबरोबर अधिक चिन्हाची ओळ, संपल्यावर वजा चिन्हाची. जिचं वजा सापडत नाही ती मेलेली. मला ते तेव्हा माहीत नव्हतं.)

मग रीतसर सुरुवात केली. कोअर डंप चालू केले आणि डीबगरमध्ये उघडले. प्रत्येक वेळी मृत्यूची जागा वेगळी. कधी पीएचपीच्या आत, कधी अपाचीच्या गाभ्यात. आधी वैतागलो, पण हीच पहिली खरी खूण होती. एकाच फंक्शनमध्ये चूक असती तर जागा एकच असती. जागा बदलतेय म्हणजे कोणीतरी आधीच मेमरी खराब करून गेलंय आणि नंतर येणारा निष्पाप माणूस त्यावर घसरून पडतोय.

दुसरी खूण. क्लायंटच्या हातापाया पडून त्या मॉड्यूलचं लायसन्स टेस्ट मशीनवर मिळवलं आणि खोटी गर्दी सोडली. पंधरा मिनिटांत पहिलं मूल मेलं. मला त्या क्षणी झालेला आनंद घरी कोणाला समजावून सांगता आला नाही :)

तिसरी खूण सगळ्यात मोलाची. अपाचीत एक सेटिंग आहे, एका मुलाने किती विनंत्या हाताळून निवृत्त व्हायचं याचं. ते मी एकवर आणलं. एक विनंती, की मूल संपलं. (कीप-अलाइव्ह आमच्याकडे बंदच होतं. ते चालू असतं तर हा प्रयोग फसला असता, कारण एका जोडणीवरची फक्त पहिली विनंती मोजली जाते.) रात्रभर गर्दी सोडली. एकही मृत्यू नाही! म्हणजे चूक एका विनंतीतून पुढच्या विनंतीत काहीतरी घेऊन जात होती. शोधाच्या पानातलं रिकर्शन दोषी असतं, तर ते पहिल्याच विनंतीतही मेलं असतं. मुलगा निर्दोष.

शेवटी 'लोडमॉड्यूल'च्या त्या एका ओळीपुढे हॅश लावला, सेटिंग पुन्हा पूर्ववत केलं. तीन दिवस शांतता. ओळ परत चालू केली, वीस मिनिटांत मृत्यू. दोन आठवड्यांनी त्या कंपनीकडून नवी फाइल आली. सोबत खुलासा एका वाक्याचा, पण पुरेसा: त्यांचं मॉड्यूल आपला हिशेबाचा तक्ता विनंतीच्या पूलमध्ये बनवत होतं आणि त्याचा पत्ता कायमचा जपून ठेवत होतं.

म्हणजे थाऊच्या मंगल कार्यालयातली तीच खोली. कार्य संपलं, खोली दुसऱ्या पार्टीला गेली, आणि हा गृहस्थ जुना खोली क्रमांक लक्षात ठेवून रोज जाऊन तिथल्या भिंतीवर आपला हिशेब लिहितोय. कधी खोली रिकामी असते, काही होत नाही. कधी तिथे नवरीच्या साड्या ठेवलेल्या असतात.

भिंती परत आल्या

पुढचा इतिहास पटकन सांगतो, कारण त्याचं सार एकच: सगळ्यांनी पाडलेली भिंत परत बांधली, फक्त जरा शहाणपणाने.

विंडोज सर्व्हर २००३ सोबत आलेल्या आयआयएस ६ मध्ये विनंत्या घेणारा भाग वेगळा आणि त्या हाताळणाऱ्या वर्कर प्रोसेस वेगळ्या झाल्या. जादा तुकडे डीफॉल्ट बंद. हवा असेल तो तुम्ही चालू करा. पाच मिनिटांत पाच वेळा मेला तर तो ॲप्लिकेशन पूल बंदच करून टाकायचा. शिवाय दर २९ तासांनी प्रोसेस आपोआप नवी. २९ च का? २४ नंतरची पहिली अविभाज्य संख्या, म्हणजे रोज त्याच वेळी धक्का बसू नये!

इकडे फास्ट-सीजीआय ही १९९६ ची जुनीच कल्पना धूळ झटकून बाहेर आली. प्रोग्राम सर्व्हरच्या बाहेर, वेगळ्या प्रोसेसमध्ये, पण दर विनंतीला नवा नाही, कायम उभा. शटर उघडंच, पण दुकान वेगळं. २०१० मध्ये पीएचपी ५.३.३ सोबत एफपीएम आलं आणि पीएचपी अपाचीच्या पोटातून बाहेर पडायला लागलं. इगोर सिसोएव्हने २००४ मध्ये खुला केलेला एंजिनएक्स तर पीएचपीला पोटात घेतच नाही. हा सिसोएव्ह त्याआधी अपाचीची मॉड्यूल लिहायचा, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मग प्रश्न सुटला का? नाही. तो फक्त मजला बदलतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरने एक छोटं अपडेट पाठवलं. हे सॉफ्टवेअर विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सगळ्यात आतल्या पोटात बसलेलं. कोडला एकविसावं मूल्य वाचायचं होतं, दिलेली होती वीस. स्वतःची नसलेली मेमरी वाचली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख मशीन्स निळी पडली. आपल्याकडेही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या मशीन्सना लोक 'विंडोज पडलं' म्हणाले. दाखल्यावर नाव घरमालकाचंच! आणि तारीख बघा. कोड रेडही १९ जुलैचाच. बरोबर तेवीस वर्षं.

असो.

ती वही मी परत माळ्यावर टाकली नाही. कारण गोष्टीचा शेवट मी अजून सांगितलेला नाही. खरं कारण सापडल्यावर मी मेल लिहिला, पण फक्त मॅनेजरला. ते म्हणाले, "साइट चालतेय ना? आता कशाला उकरून काढतोस?" आणि मला ते सोयीचं वाटलं. पहिला मेल तेरा जणांना गेला होता, दुसरा एकाला. त्या मुलाने मे महिन्यात राजीनामा दिला. निरोपाच्या समोशांना मी हजर होतो आणि तेव्हाही बोललो नाही.

सेगफॉल्टचा दाखला मेलेल्याच्या नावावर फाटतो, मारणाऱ्याच्या नाही, हे मी मशीनच्या बाबतीत शिकलो. माणसांच्या बाबतीत तोच नियम लावायला मला वीस वर्षं लागली.

रविवारी संध्याकाळी त्या पानाचा फोटो काढला, खाली चार ओळी लिहिल्या आणि त्याला पाठवल्या. सोबत माफीही. आता तो स्वतः मोठी टीम सांभाळतो. रात्री उशिरा उत्तर आलं:

"सर, त्या फंक्शनमध्ये मी दहा लेव्हलची मर्यादा घातली होती. तिसऱ्याच ओळीत होती."

मी तो कोड उघडला होता. तिसरी ओळ वाचली नव्हती.